काळी फीत

रिस्पेकचा बरा म्हणावा असा फोटो एकच होता. खाणीच्या कचेरीत खालच्या दालनातल्या टीव्हीवर दिवसभर चित्रं फिरत, त्यांतला 'महिन्याचा उत्तम कामगार'. साइकालने कंप्युटरवर तोच उघडला आणि कोपऱ्यावर तिरकी काळी फीत काढली.

हे चित्र लावायचं होतं उद्या. सकाळी बोगद्याचं छत कोसळून रिस्पेक गेला, हे वरच्या मजल्यावर सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोला नाही. मरणाची बातमी ऐऱ्यागैऱ्याने तोंडावर फेकायची नसते. घरची थोर माणसं येतात, गोष्टीत गुंडाळून हळूहळू सांगतात. ती माणसं रिस्पेकच्या गावाहून निघाली होती. तोवर त्याची बायको आयचुरोक खाली बाकावर बसून होती. खाणीची लिफ्ट बिघडलीय, एवढंच तिला सांगितलं होतं.

"साइकाल, ऊठ आता!" सुरक्षा विभागाचा मेदेर मागून खेकसला. मजल्यावर कंप्युटर एकच. "तपासणीवाले येऊन ठेपतील. अहवाल कोण पाठवणार, तुझा बाप?"

"ओरडू नकोस रे. माणूस गेलाय."

"म्हणूनच तर अहवाल!"

तिने घाईघाईने सेव्ह केलं आणि खुर्ची सोडली. जिन्यापर्यंत पोचली आणि एकदम थांबली. फोटो उघडला होता टीव्हीच्याच फोल्डरमधून. म्हणजे फीत लावलेला फोटोही तिथेच जाऊन बसला होता.

ती धडपडत खाली धावली. टीव्हीवर वाढदिवसाचा केक येऊन गेला, हेल्मेट घालण्याची सूचना येऊन गेली. मग रिस्पेक आला, हसरा, फितीसकट. साइकालने वायर हिसडून काढली.

उशीर झाला होता. आयचुरोकच्या मांडीवरचं गाठोडं घसरलं होतं. नवऱ्यासाठी तळून आणलेले कणकेचे बोरसोक फरशीभर पसरले होते.

"ताई..." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं साइकालला झालं.

तेवढ्यात दार उघडलं. धुळीने माखलेले तिघे म्हातारे आत आले. सगळ्यांत थोरले तोक्तोसून आजोबा काठी टेकत पुढे झाले. वाटभर जुळवत आणलेले शब्द त्यांच्या ओठांवर होते. पण सांडलेलं खाणं आणि साइकालच्या हातातली वायर पाहून ते थबकले.

"सूनबाई, तुला कुणी काही बोललं का गं?"

आयचुरोकने त्यांच्या धुळीने भरलेल्या बुटांकडे पाहिलं. डोक्यावरचा रुमाल सारखा केला.

"नाही, आजोबा. मला काहीच माहीत नाही. बसा. तुम्ही सांगा."

आजोबा तिच्याजवळ बसले. तिचा हात त्यांनी दोन्ही हातांत घेतला.

"एक ससाणा होता, पोरी..."

गोष्टीतला ससाणा उडून जाईपर्यंत आयचुरोक रडली नाही.