नवरीची साक्ष

"साक्षीशिवाय या जगात काहीही खरं नसतं. माणूस नाही, आणि यंत्र तर नाहीच नाही!" असं म्हणून बाशमुहंदिस, म्हणजे मुख्य अभियंता, वगदी भिंतीला टेकले. टेकणं भाग होतं. मागे भिंतीवर लाल चिकटपट्टीचे चार डाग होते आणि त्यांच्या मधला कागद सकाळीच त्यांनी उचकटून खिशात कोंबला होता. वगदी अंगाने भरपूर होते, तरी चौथा डाग त्यांच्या कानाशेजारून डोकावत होता.

कैरोहून आलेल्या तपासनीस शाहीनाझने मान हलवली आणि पंपचालक उस्ता बयूमीकडे वळली. मंगळवारी संगणकाच्या जाळ्यात कुणीतरी तिसऱ्या पंपाच्या नियंत्रण-पेटीचं सोंग घेऊन वाटेत उभं राहिलं होतं. बयूमीने पडद्यावर त्या सोंगाला नाव आणि परवलीचा शब्द देऊन टाकला. पंप एकोणीस तास बंद. फय्यूमची सात गावं कोरडी. बयूमीच्या निलंबनाचा कागद कैरोत तयार होता. दोनच्या आत शाहीनाझचा अहवाल पोचला नाही, तर तो आपोआप लागू होणार होता.

"उस्ता, पडद्यावर पेटी उघडताना लाल पाटी आली होती ना? 'ओळख पटत नाही' म्हणून?"

"आली होती की. रोजच येते, बाई. चार वर्षं येतेय. एखाद्या दिवशी आली नाही तर चुकल्यासारखं वाटेल."

"रोज का येते?"

बयूमीने वगदींकडे पाहिलं. वगदींनी पंख्याकडे.

"पेटीला एक ओळखपत्र असतं," वगदी घसा खाकरत म्हणाले. "त्यावर तिऱ्हाइताची सही लागते. ती आणायची राहून गेली. तूर्तास… पेटीचीच आहे."

"म्हणजे म्हणतात ना, नवरीची साक्ष कोण देणार, तर आई आणि मावशी," शाहीनाझ म्हणाली.

"आई-मावशी कुठल्या, बाई," बयूमी म्हणाला. "नवरी स्वतःच."

शाहीनाझ हसली नाही. "खरी पेटी असली तरी लाल, खोटी असली तरी लाल. मग ओळखायचं कसं? आणि लाल पाटी आली की 'पुढे चला' दाबायचं, हे तुम्हाला शिकवलं कुणी?"

"कुणी नाही. माझं मीच."

"साहेबांच्या मागे भिंतीवर काय लावलं होतं?"

"फुटबॉलचं वेळापत्रक."

"लाल पट्टीने?"

"अल-अहलीचं होतं."

अल-अहली हा लाल जर्सीवाला संघ, आणि बयूमी तीन पिढ्यांचा त्यांचा हाडवैरी, झमालेकवाला. गेल्या मोसमात अल-अहली जिंकली तेव्हा तो दोन दिवस जेवला नव्हता. ते नाव तोंडातून काढताना त्याच्या मानेच्या शिरा ताणल्या, त्या वगदींना बघवल्या नाहीत.

त्यांना दरदरून घाम फुटला. पुसायला त्यांनी रुमाल काढला, आणि रुमालाला चिकटून कागदही बाहेर आला. शाहीनाझ खाली मान घालून लिहीत होती. बयूमीने मात्र पाहिलं आणि लगेच चहाच्या ग्लासात तोंड घातलं. ग्लास रिकामा होता.

कागद पुन्हा खिशात जाऊ शकला असता. खिसा होता, वेळही होता. वगदींनी तो रुमालापासून सोडवला, तळहाताने सरळ केला आणि टेबलावर ठेवला.

'लाल पाटी आल्यास घाबरू नये. अल्लाचं नाव घेऊन "पुढे चला" दाबावे. हुकमावरून, बाशमुहंदिस वगदी.' सहीखाली दोन वळणदार रेघा होत्या.

शाहीनाझने तो दोनदा वाचला.

"अक्षर सुंदर आहे तुमचं," ती म्हणाली.

वगदींचे कान लाल झाले. त्यापेक्षा तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"लिहा," ते म्हणाले. "त्याने माझं ऐकलं, एवढाच त्याचा गुन्हा. आणि आज सकाळी कागद मी काढला. तो माझ्यासाठी खोटं बोलत होता आणि मी ऐकत उभा होतो."

"हेही लिहू?"

"हेच आधी लिहा."

ती लिहीत राहिली. बऱ्याच वेळाने बयूमी पुटपुटला, "बाई, ते अल-अहलीचं तेवढं अहवालात नको. मला गावात राहायचंय."

दोनला दहा कमी असताना अहवाल पुरा झाला. शाहीनाझ त्याच पडद्यासमोर बसली, कैरोच्या मुख्य कार्यालयाचा पत्ता टाकला, आणि पडदा लाल झाला.

'या कार्यालयाची ओळख पटत नाही. ओळखपत्राची मुदत संपली आहे.'

तिने कैरोला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. दोनला चार कमी. तिने बयूमीकडे पाहिलं, मग टेबलावरच्या त्या सुंदर अक्षरातल्या 'पुढे चला'कडे.

"तुम्ही दोघं," ती हळूच म्हणाली, "जरा खिडकीकडे बघाल?"