घरूनच

अश्विनी शिडाच्या बोटीवर स्वयंपाकाला लागली, त्याला सात महिने झाले. बोटीवरच्या सॅटेलाइट नेटमुळं भर समुद्रातूनही तिचा रोज एक मेल येतो. इकडं डिंभे धरणाच्या काठाला तिच्या बापाच्या, सोपानच्या घरात मात्र रेंजचा पत्ता नसतो. धरणाच्या पाण्यात मधोमध एकच जागा अशी आहे, जिथं फोनला दोन काड्या येतात. म्हणून पासष्टीतला सोपान दुखरे गुडघे घेऊन रोज तासभर होडी वल्हवत तिथवर जातो.

"पोरगी दर्यात ऱ्हाऊन रेंजमधी, आन आपण जमिनीवर ऱ्हाऊन न्हाई," त्याची बायको साळुबाई वैतागून म्हणाली. "आज वारं लई हाय. नका जाऊ."

तो गेलाच. पोचेपर्यंत खांदे भरून आले. धापा टाकतच त्यानं मेल उघडला.

"आबा, मी बरी आहे. पण या वयात तुम्ही एकटे होडीत जाता, मला घोर लागतो. माझ्या गळ्याची शपथ, यापुढं मेल करायचा तर घरूनच करायचा."

सोपाननं मेल पुन्हा वाचला. लेक पाण्यावर असताना तिची शपथ मोडायची कशी? आणि मेल गेला नाही, तर तिकडं तिचा जीव टांगणीला. बराच वेळ तो वल्हं आडवं टाकून खाली पाण्यात बघत राहिला. मग सावकाश एकेक अक्षर दाबत त्यानं लिहिलं, "घरूनच लिहितोय, पोरी. शपथ मोडली न्हाई."



धरण भरलं त्या साली बुडालेलं, अश्विनीचा पाळणा जिथं टांगला होता ते जुनं घर होडीच्या बरोबर खाली होतं.