तीन शिट्ट्या

सिंगापूरमधल्या बुकिट तिमाच्या जंगलात सकाळी नऊ वाजता आठ माणसं कानटोप्या घालून टेकडी चढत होती. अंगात जाडजूड जाकिटं, पायात बर्फाचे बूट, पाठीवर दहा-दहा किलोच्या सॅक. घामानं सगळे निथळत होते. वरून उतरणाऱ्या एका चिनी आंटीनं थांबून त्यांना टोपीपासून बुटापर्यंत न्याहाळलं आणि ती म्हणाली, "हिअर नो स्नो, लाह."

सगळे हसले. अरुणाही हसली, पण जरा उशिरा.

फेब्रुवारीत जपानला, होक्काइदोला जायचं होतं. तिथल्या बर्फाळ जंगलवाटांवर चार दिवस चालायचं, त्याचा हा सराव. कल्पना अरुणाची. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप तिनंच काढलेला, 'हिमपावलं' हे नावही तिचंच. धैर्यशील कुणाच्या तरी ओळखीनं मागाहून आला. बँकेतला मोठा साहेब, दोनदा बर्फ तुडवून आलेला. महिन्याभरात म्होरक्या झाला. कानामागून आला आणि तिखट झाला.

तेही चाललं असतं. पण गेले चार दिवस ग्रुपवर चिटपाखरू नव्हतं. रोज पहाटे फुलं पाठवणारा धैर्यशील गप्प. कुशलचे पांचट विनोद बंद. आठ मराठी माणसं चार दिवस गप्प बसत नाहीत, एवढं अठ्ठावन्न वर्षांच्या बाईला कळतं. पाणी कुठंतरी मुरत होतं. माझ्या वाढदिवसाचं काही गुपित शिजत असेल, असं तिनं स्वतःला सांगून पाहिलं. वाढदिवस जूनमध्ये होता.

पायथ्याशी धैर्यशीलनं प्रत्येकाच्या गळ्यात एकेक शिट्टी अडकवली होती. एक वाजली तर मी येतोय, ठीक आहे. तीन वाजल्या तर अडचण. असतील तिथून सगळ्यांनी मागं फिरायचं आणि वाजवणाऱ्यापाशी यायचं. कुशल म्हणाला, आमच्या घरी तीन झाल्या की गॅस बंद करतात. धैर्यशील हसला नाही.

"बर्फात मागच्याला सोडायचं नसतं. मागचा मेला तर पुढचे खुनी." मग अरुणाकडे वळून त्यानं सहज विचारावं तसं विचारलं, "ताई, तुमचं तिकीट रद्द करता येतं ना? सगळ्यांनाच विचारतोय."

दुसऱ्या कुणाला विचारताना तिनं त्याला पाहिलं नाही.

पहिल्या चढावर ती मागं पडली. फार नाही, वीसेक पावलं. पुढचे पाणी प्यायला थांबले होते तिथं ती पोचली, तेव्हा धैर्यशील फोनवर काहीतरी लिहीत होता. त्याचा अंगठा थांबला आणि सहा खिसे एकदम बोलले. टिंग, टुंग, भुर्र. आणि त्यातच टपकन पाण्याचा थेंब पडावा तसा एक आवाज.

तो थेंब ती ओळखत होती. निहारिकाचा. विद्यापीठात संशोधन करणारी ही पोरगी दोन वर्षं अरुणाच्या चोआ चू कांगच्या फ्लॅटमध्ये एका खोलीत राहत होती. तिच्याच हातची पोळी खात होती. भिंतीपलीकडून तो थेंब रोज टपकायचा.

अरुणानं स्वतःचा फोन काढला. रेंज भरपूर, बॅटरी भरपूर. आलेलं काही नाही.

"काय आलं गं?"

"लॅबचं काहीतरी, काकू." निहारिका खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागली. नाडी बांधलेलीच होती.

सहा खिशांत एकाच वेळी लॅब. त्यांच्या मधोमध, हात लांब केला तर कुणालाही लागेल अशी उभी राहून अरुणानं 'हिमपावलं' उघडलं. 'सगळे आहात ना?' असं लिहिलं आणि पाठवलं.

झाडांत किडे किरकिरत होते. सातांपैकी एकही फोन वाजला नाही.

ग्रुपची मालकीण तीच. मालकिणीला हाकलता येत नाही, म्हणून ही मंडळी जुन्या घराची दारं-खिडक्या लावून गुपचूप दुसरीकडे राहायला गेली होती. 'ताई, तुम्हाला झेपायचं नाही' एवढं तोंडावर म्हणायला जीभ लागते. ती एकाकडेही नव्हती. कानटोप्या सगळ्यांकडे होत्या.

निघू या, असं धैर्यशील म्हणाला. ताईंनी सावकाश यावं, घाई नाही, असंही म्हणाला.

ते वळणाआड दिसेनासे होईपर्यंत अरुणा थांबली. तिला दम लागला नव्हता. पाय धड होते. ती वाटेकडेच्या दगडावर बसली, गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि वाजवली.

एक. फांदीवरची माकडं थबकली. दोन.

तीन.

वरचे बुटांचे आवाज थांबले. म्हणजे ऐकू गेलं होतं. ती वळणाकडे बघत राहिली. सगळे नकोत. एकीनं यावं.

वर टिंग झालं. मग टुंग. भुर्र. पुन्हा टिंग. मग टपकन एक थेंब.

वळणावर कुणीही आलं नाही. थोड्या वेळानं बुटांचे आवाज पुन्हा सुरू झाले, वरच्या दिशेनं.

अरुणानं कानटोपी काढून दगडावर ठेवली आणि शिट्टी परत ओठांत धरली. चौथ्या शिट्टीचा अर्थ धैर्यशीलनं कुणाला सांगितला नव्हता.