वेणीचा उलटा पेड

सकाळी दूध वर येताच गॅस बारीक करायचा, तीन कप चहा गाळायचा, त्यातला आईचा कप अर्धाच भरायचा, कारण भरलेला कप तिला एका हाताने सावरत नाही, आणि मग खिडकीखालच्या तिच्या खुर्चीशेजारी स्टूल ओढून बसायचे: घड्याळजींच्या सकाळचा हा क्रम आता अंगवळणी पडला होता. पूर्वी या वेळी ते वर्तमानपत्र वाचत. आता त्यांच्या मांडीवर निळ्या लोकरीचा गुंडा असे आणि हातांत सुया.

आईच्या उजव्या अंगठ्याला पट्टी होती. सांधा झिजला आहे, विणकाम बंद, असे डॉक्टरांनी बजावले तेव्हा नातीच्या स्वेटरची पाठ आणि पुढची डावी बाजू विणून झाली होती. उजवी बाजू आणि बाह्या राहिल्या होत्या. नात थंड मुलखात नोकरीला निघाली होती. स्वेटर अडून राहणे शक्य नव्हते. सुनेने आधीच हात जोडले, तेव्हा आईने नाइलाजाने सुया मुलाच्या हाती दिल्या.

"अहो, दुकानाची पाटी बदलायची का?" डबा भरता भरता बायकोने विचारले. "घड्याळे दुरुस्त करून आणि स्वेटर विणून मिळतील."

"बदल. पण आधी माझा गुंडा कोचाखाली गेलाय, तेवढा दे."

घड्याळजींचा सारा जन्म दुसऱ्यांनी बनवलेल्या वस्तू उघडण्यात आणि होत्या तशा बंद करण्यात गेला होता. इथे मात्र काल जे नव्हते ते आज हातभर लांब होऊन मांडीवर पडत होते. त्यात कुठे स्क्रू नव्हता, जोड नव्हता, झाकण नव्हते. एकच धागा, आणि टाक्यातून ओढलेला टाका. ते मध्येच थांबत, वीण ताणून उजेडात धरत आणि ही मजबुती नेमकी येते कुठून, याचा शोध घेत. स्वेटरवरच्या वेणीच्या नक्षीने तर त्यांना वेडच लावले होते. तीन टाक्यांचा पेड छोट्या सुईवर घेऊन पुढे धरायचा, पलीकडचे तीन टाके विणायचे, मग धरलेला पेड विणून टाकायचा. पहिल्यांदा ती वळली तेव्हा त्यांनी बायकोला स्वयंपाकघरातून हाक मारून बोलावले होते.

"अगं, वळली!"

"काय वळली?"

"वेणी."

"तुमच्या लेकीच्या वेण्या दहा वर्षं मी घातल्या," ती म्हणाली होती, "तेव्हा नाही कुणाला एवढं नवल वाटलं!"

आज उंची जुळवून पाहण्यासाठी त्यांनी आईची डावी बाजू खणातून काढली आणि गुडघ्यावर पसरली. छातीच्या उंचीवर वेणीचा एक पीळ बाकीच्यांच्या उलट दिशेला गेला होता. त्यांनी पिशवीतून भिंग काढून डोळ्याला लावले. पेड पुढे धरण्याऐवजी मागे धरला गेला होता.

भिंग मात्र त्यांनी लगेच काढले नाही. त्या पिळाच्या खाली टाके दातांसारखे एकसारखे, घट्ट होते. त्याच्या वर ते सैल पडले होते. पुन्हा घट्ट होऊ पाहत होते, पुन्हा सैल पडत होते. एखादा माणूस पाय ओढत, पण कुठेही न बसता चालत राहावा, तशी ती वीण खांद्यापर्यंत गेली होती. चांगली वीतभर.

"आई, अंगठा कधीपासून दुखत होता गं?"

"सांगितलं ना, कप हातातून पडला त्या दिवसापासून."

कप पडला तेव्हा डावी बाजू कधीच विणून, घडी घालून खणात गेली होती. घड्याळजींनी बोटाने ती वीतभर वीण मोजल्यासारखी चाचपली.

"आणि पेड मागे धरला तर काय होतं?"

"वेणी उलटी वळते. का रे? धरलास की काय?" आई खुर्चीत पुढे सरकली. मोतीबिंदूमुळे तिला आता फक्त निळा रंग दिसे, वीण दिसत नसे. "चुकला असशील तर आत्ताच सांग. चुकीचं काम माझ्या नातीच्या अंगावर चढायचं नाही. माझ्या हातचं असलं तरी अख्खं उसवीन मी."

"तुझ्या हातचं कधी चुकतं का?"

"विणताना? छे!" आई हसली आणि मागे टेकली.

घड्याळजींनी तिच्या पट्टीकडे पाहिले. तिने उसवले असते. जेवणाच्या आत, डाव्या हाताने, एकटीने. उसवायला अंगठा लागत नाही. नंतर ती बाजू त्यांनी विणली असती, आणि ती बिनचूक झाली असती.

त्यांनी भिंग खिशात टाकले. दोन्ही बाजू शेजारी शेजारी लावल्या, ओळी जुळवल्या. त्यांची वेणी नेमकी त्याच उंचीला येऊन थांबली होती.

"सुयांचा आवाज का थांबला रे?"

"पेड घेतोय."

"माझ्यासारखाच घे हं. स्वतःची अक्कल चालवू नकोस."

"तुझी बाजू समोरच ठेवलीय. अगदी तुझ्यासारखाच घेतोय."

"मग ठीक," आई म्हणाली आणि डाव्या हाताने तिने अर्धा कप उचलला.

घड्याळजींनी तीन टाके छोट्या सुईवर घेतले. हात सवयीने पुढे आला. त्यांनी तो थांबवला, सुई हलकेच मागे नेली, आणि पलीकडचा टाका विणायला घेतला.