यंत्र म्हणेल ती वाट

सगळ्यांना डोंगरमाथ्यावरच्या झोपडीपर्यंत नीट पोचवलं, तर जावयाच्या पदरात एकच गोष्ट पडणार होती: सासऱ्यांच्या तोंडचा ‘शाब्बास’.

लग्नाला आठ वर्षं झाली होती. सासऱ्यांनी मुलगी दिली होती, कपाट दिलं होतं, जुनी शिलाई मशीनसुद्धा दिली होती. शाब्बास मात्र कुलपात होता. जावयाला बढती मिळाली तेव्हा ते म्हणाले, “हं.” जावयाने घर घेतलं तेव्हाही “हं”, फक्त जरा लांब.

म्हणून ही सहल. आणि म्हणूनच, ऐन पठारावर, चहूकडून धुकं दाटलेलं असताना हातातलं जीपीएस यंत्र विझलं, तेव्हा जावई जागच्या जागी थबकला.

“काय झालं?” बायकोने विचारलं.

“काही नाही. विश्रांती घेतंय.”

“ते की तुम्ही?”

त्याने बटण दाबलं, यंत्र काखेत धरून ऊब दिली, चार थापट्या मारल्या. आतली बॅटरी पार झोपली होती. तीही आतच बसवलेली, म्हणजे काढून बदलायची सोय नाही. फोन सगळ्यांचे खाली गाडीत राहिले होते, कारण निघताना त्यानेच बजावलं होतं, “एका मोहिमेत दोन मतं नकोत. वाट यंत्र दाखवेल.”

सासूबाई एका दगडावर टेकल्या आणि नव्या बुटाची नाडी सैल करू लागल्या. “बोट सोललंय हो माझं. अजून किती आहे?”

“ते यंत्रच सांगेल, आई.”

“ते तर गेलं.”

“गेलं नाही. उपाशी आहे.”

सासरे गुडघा चोळत म्हणाले, “मी म्हणतो, आल्या पावली परत फिरू. वाट माझ्या पायांना पाठ आहे.”

“धुक्यात पाय फसवतात, बाबा,” जावई ठासून म्हणाला. “डोळे फसवतात, आठवण फसवते. यंत्र नाही फसवत.”

“म्हणजे आपण इथेच बसायचं?”

“यंत्र चालू होईपर्यंत.”

“आणि चालू झालं की ते म्हणेल तिकडे जायचं?”

“म्हणेल तिकडेच.”

“मग कुणी काही म्हणायचं नाही? तुम्हीसुद्धा?”

“मीसुद्धा नाही. शब्द देतो.”

“हं,” सासरे म्हणाले.

जावयाने पाठपिशवी उपसली. तळाशी सेल घालायची डबी होती. चार साधे सेल भरायचे, वायरचं टोक यंत्रात खुपसायचं, की यंत्राच्या पोटात दोन घास जातात. डबी होती, वायर होती. सेल नव्हते. ते मागच्या महिन्यात घरातल्या घड्याळांत गेले होते.

आता हात पसरायला हवे होते, आणि तेही सासुरवाडीपुढे. पण त्याने तोंड उघडायच्या आत सासऱ्यांनी आपली विजेरी उघडून दोन सेल त्याच्या तळहातावर ठेवले. याच विजेरीला ते एरवी कुणाला हात लावू देत नसत.

“बाबा, तुमची विजेरी...”

“घ्या हो. यंत्र जगलं पाहिजे.”

सासूबाईंनी तर गाणी लागलेला चिमुकला रेडिओ मध्येच बंद करून त्यातले दोन सेल काढून दिले. माणसं आपली असतात, आपणच ओळखायला कमी पडतो, असं जावयाला वाटलं.

सेल बसले, पण डबीची स्प्रिंग ढिली. दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरली तरच वीज वाहायची, जरा सैल सोडली की सगळं ठप्प. त्याने डबी छातीशी आवळली आणि यंत्र दोरीने गळ्यात अडकवलं. बराच वेळ काहीच झालं नाही. मग पडद्यावर उजेड आला.

“आलं! बाबा, माझे हात अडकलेत. बघा हो, काय म्हणतंय?”

सासऱ्यांनी वाचायचा चष्मा नाकावर चढवला. सावकाश वाचलं, आणखी एक बटण दाबलं, पुन्हा वाचलं.

“वाट दाखवू का, विचारतंय.”

“मग ‘हो’ म्हणा!”

सासऱ्यांनी ‘हो’ म्हटलं. बाण उमटला, गिरकी घेऊन एका दिशेला ठरला, आणि मोहीम हलली.

दाट धुकं, गळ्यात यंत्र, छातीशी डबी. जावयाची मान खाली होती ती वर आलीच नाही. बाण डावीकडे वळला की तो डावीकडे वळे. एकदा ठेचकाळला, पण डबी सोडली नाही.

“अहो, एक सांगू का?” बायको मागून म्हणाली.

“आत्ता नको, सेल हलतील.”

“त्यांना बोलण्यात गुंतवू नकोस गं,” सासरे तिला दटावून म्हणाले.

आणि नवल असं, की मघाशी लंगडणारे सासरे आता यंत्राच्याही चार पावलं पुढे चालत होते. सासूबाई तर रेडिओशिवायच गुणगुणत होत्या. यंत्रावरचा विश्वास माणसाला केवढं बळ देतो, असं जावयाच्या मनात आलं.

शेवटी बाण विरला आणि पडद्यावर अक्षरं आली: आपण पोचलात.

जावई थांबला. मान अवघडली होती, बोटं आखडली होती. तेवढ्यात त्याच्या पाठीवर एक हात पडला. आठ वर्षांत पहिल्यांदा.

“शाब्बास, जावईबापू!” सासरे सगळ्यांना ऐकू जाईल अशा खड्या आवाजात म्हणाले. “अगदी योग्य जागी आणलंत.”

जावयाचे डोळे भरून आले. ते पुसायला त्याने डबी सोडली, यंत्र विझलं, आणि त्याने मान वर केली. समोर त्याचीच गाडी उभी होती, आणि मागच्या दाराशी बूट हातात घेऊन उभ्या असलेल्या सासूबाई किल्ली मागत होत्या.

त्या दिवशी सेल सगळ्यांचे परत मिळाले. खर्च काय तो एकट्या सासऱ्यांचा झाला, एक शाब्बास. आणि तो तर त्यांनी पठारावरच, ‘आल्या वाटेने परत’ या ओळीवर बोट दाबताना, खर्ची टाकून ठेवला होता.