चाललंय ना?

“जेलीत गाजर कोण घालतं गं? या जेलीमागे कुणी बुद्धिमान रचनाकार नाही, एवढं मी शपथेवर सांगेन,” लेनोर करिनच्या कानाशी पुटपुटली.

करिनला हसू आलं, पण ओठांच्या आतच राहिलं. चर्चच्या तळघरात घडीच्या खुर्च्या मांडल्या होत्या, लांब टेबलावर घरोघरून आलेली भांडी होती, आणि वाढदिवसाच्या पताकेखाली लेनोरचा नवरा, प्रोफेसर एल्डन प्रुइट, चाकाच्या खुर्चीत बसले होते. गळ्याशी रुमाल खोचलेला. अर्धं अंग गेलेलं, जीभ जड.

याच जिभेने एके काळी अख्ख्या कॅन्ससमधल्या सभा जिंकल्या होत्या. प्रोफेसर कायद्याचे, जीवशास्त्राशी त्यांचा संबंध शाळेपुरता. पण उत्क्रांतीवाल्यांची उलटतपासणी अशी घेत, की भल्याभल्यांना घाम फुटे. “संशय उभा करणं हे माझं काम,” ते म्हणत. “जगामागे रचनाकार आहे याचा पुरावा माझे शास्त्रज्ञ आणतील.”

शास्त्रज्ञ म्हणजे खरं तर करिन. त्यांच्या एका शब्दाखातर तिने हा पुरावा शोधायला विद्यापीठातली पक्की नोकरी सोडली, तेव्हा तिच्या डोक्यात एकही पांढरा केस नव्हता.

दर वाढदिवसाला ते तिला एकच विचारत, “करिन, काम चाललंय ना?” आणि ती म्हणे, “चाललंय, सर.”

प्रश्नाच्या शेपटाला ‘ना’ लावला की साक्षीदार ‘हो’च म्हणतो, हे त्यांनी विद्यार्थ्यांच्या किती पिढ्यांना शिकवलं असेल. त्याच्या जोडीला दुसरा नियम: ज्याचं उत्तर आपल्याला आधीच ठाऊक नाही, तो प्रश्न साक्षीदाराला विचारायचाच नाही. भाषणात हे दोन्ही नियम ते हमखास सांगत, आणि लोक हमखास हसत.

मघाशी जिन्यात पास्टर डेलने करिनला अडवलं होतं. “आज त्यांच्यापाशी ते काढू नकोस हं. म्हाताऱ्या माणसाला कशाला...” काय काढायचं नाही, ते त्यानेही उच्चारलं नाही. तिला माहीत होतं, त्याला माहीत होतं, गाजराची जेली आणणाऱ्या बाईलाही बहुधा माहीत होतं. प्रयोगासाठी जिवाणू वाढवायच्या काचेच्या ताटल्या करिनने काल शेवटच्या वेळी धुऊन पालथ्या घातल्या होत्या. इतकी वर्षं त्या ताटल्या तिला एकच गोष्ट सांगत आल्या होत्या, आणि ती प्रोफेसरांना हवी होती ती नव्हती.

केक कापला. डेल कॉफीचा कप उंचावून म्हणाला, “पुरावा आता अगदी दाराशी आलाय, मंडळी!”

टाळ्या पडल्या. प्रोफेसरांनी चालता हात उचलला आणि बोटाने करिनला जवळ बोलावलं. लेनोर सवयीने मध्ये वाकली; त्यांचे तुटके शब्द तीच जुळवून सांगायची. त्यांनी मानेनेच तिला बाजूला केलं.

“करिन,” ते म्हणाले. मग बराच वेळ ओठांची नुसती जुळवाजुळव. “मिळालं... का?”

करिन ‘ना’च्या शेपटाची वाट पाहत राहिली. ते आलं नाही.

“आधी केक खा बघू, एल्डन,” लेनोर घाईने म्हणाली. “क्रीम वितळतंय.”

“मिळणार म्हणजे काय, सर! मिळाल्यातच जमा आहे,” डेल म्हणाला.

प्रोफेसरांचा पंजा वर झाला. “साक्षीदाराला... बोलू दे.”

करिन खुर्चीपाशी गुडघ्यांवर बसली. त्यांच्या हनुवटीवर जेलीचा थेंब होता, तो तिने रुमालाच्या टोकाने टिपला. मग त्यांचा हात हातात घेतला. तो निकामी हात आहे हे लक्षात आल्यावर तो अलगद मांडीवर ठेवला, आणि दुसरा धरला.

“नाही, सर,” ती म्हणाली. “काहीच नाही मिळालं.”