विरजण

दही आजही लागलं नाही. फिनेलताईनं भांडं तिरकं केलं. आतलं दूध कालच्यासारखंच पातळ, डुचमळत कडेला आलं.

फिनेलताई हे नाव इमारतीतल्या बायकांनी ठेवलेलं. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर थोडा अभिमानही होता. चष्म्याच्या दुकानात दिवसभर काचा पुसणारी बाई ती. घरातल्या भांड्यावरही तिला बोटाचा ठसा खपत नसे. जंतूंच्या मागे ती अक्षरशः हात धुवून लागली होती. मुलाची खेळणी उकळून काढी. त्यात लाकडी बदकाचा रंग उडाला, पण स्वच्छ होतं बिचारं.

एवढं करूनही तिचं पिल्लू सदा आजारी. आज नाक गळतंय, उद्या पोट बिघडलंय. खाली वाळूत लोळणारी पोरं मात्र ठणठणीत. डॉक्टर म्हणाले होते, "त्याला घरचं दही द्या, आणि जरा बाहेर सोडा." पहिलं तिनं मनावर घेतलं. दुसरं कानाआड केलं. पिल्लू खिडकीतून खालचा खेळ बघे, उड्या मारत दाराकडे धावे आणि "घाण आहे तिथं" एवढं ऐकलं की त्याच्या उत्साहावर विरजण पडे.

"आई, तुमच्या विरजणातच खोट आहे," ती सासूबाईंना म्हणाली. ते त्यांनीच आपल्या घरून वाटीत आणलं होतं.

"माझ्याकडे तर रोज लागतं. लाव बघू माझ्यासमोर."

तिनं कोमट दुधात चमचाभर विरजण घातलं, छान ढवळलं आणि भांडं पुन्हा गॅसवर चढवलं. दूध उकळून वर आलं.

सासूबाई बघतच राहिल्या. "अगं, विरजण घालून उकळतेस?"

"मग? दुसऱ्या घरातून आलेलं. जंतू असले त्यात तर?"

"असायलाच हवेत. दही तेच लावतात. तू सगळे मारलेस, आता लावणार कोण?"

सासूबाईंना हसू आवरेना. फिनेलताई हसली नाही. तिनं चकचकीत भांड्याकडे पाहिलं, मग खिडकीच्या काचेला नाक लावून उभ्या असलेल्या पिल्लाकडे.

तिनं गॅस बंद केला आणि दाराची कडी काढली. "जा, खेळ."

पिल्लाला आधी खरंच वाटेना. मग ते धडधडत जिना उतरलं.

संध्याकाळी परत आलं तेव्हा गुडघ्यांवर माती होती, केसांत वाळू होती आणि गाल लाल झाले होते. सवयीनं ते दारातच थांबलं आणि दोन्ही हात पुढे केले. सासूबाई लगबगीनं साबण घेऊन आल्या. फिनेलताईनं तो त्यांच्या हातून काढून घेतला.

"जेवायच्या आधी धुऊ, आई. तोवर राहू दे," ती म्हणाली. "विरजण लागतंय."